ट्रंकेतला माणूस

लग्न करून मी लंडनजवळ पिनरला आले तेव्हा माझे सासरे सत्तरी ओलांडून गेले होते आणि स्वतःचं सोडून घरातलं कुणाचंच मराठी त्यांना चालत नव्हतं. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. नवरा इथेच जन्मलेला. त्याच्या मराठीत खुर्ची 'तो' असायची आणि पंखा 'ती'. पण त्याला सासरे कधी टोकत नसत. इंग्रजी शाळेत शिकलेलं पोर, त्याचा काय दोष, असं म्हणायचे. दोष माझा होता, कारण मी नागपूरची.

पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "बाबा, मी भाजी चिरून राहिले, पाच मिनिटांत वाढते." त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "चिरून कुठे राहिलीस? नागपूरला राहत होतीस, आता इथे राहतेस." नवरा हसला. त्याला विनोद कळला नव्हता, पण बाबांचा सूर ओळखून तो हसायचा. नवी नवरी म्हणून मीही हसले.

मग ते रोजचंच झालं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून तो शब्द गेला की ते म्हणायचे, "सांबार इडलीबरोबर खातात, सूनबाई." एकदा मी नवऱ्याला लाडानं 'भैताड' म्हटलं. वेडपट, एवढाच त्याचा अर्थ. बाबा जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, असले शब्द या घरात कधी आले नाहीत आणि येणार नाहीत. मी लंडनमधल्या एका बँकेच्या आयटीत होते. दिवसभर माझ्या इंग्रजीत चुका व्हायच्या आणि त्याबद्दल कुणी एक अक्षर काढायचं नाही. संध्याकाळी ट्रेननं घरी यायचं आणि जेवणाच्या टेबलावर तोंडी परीक्षेला बसायचं. वर्षभरात मी त्यांच्यासमोर कमी बोलायला लागले. त्यांना वाटलं, मी सुधारले.

त्यांची स्वतःची कहाणी तिथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना पाठ होती. नारायण पेठेत घर. वडील वकील. भावंडं नाहीत. बॅरिस्टर व्हायला बोटीनं इंग्लंडला आले, ते जमलं नाही, मग रेल्वेच्या ऑफिसात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. घर पानशेतच्या पुरात गेलं, त्यामुळे परत जायला काही उरलं नाही. आडनावही असं की महाराष्ट्रात कुठेही खपून जावं. आणि शेवटी सिनेमा. विद्यार्थी असताना त्यांनी एका ब्रिटिश पिक्चरमध्ये काम केलं होतं. महाराजाची भूमिका. दर गणपतीत आरती झाली की कुणीतरी विषय काढायचं आणि बाबा, "अहो, जाऊ द्या," म्हणत सगळं सांगायचे: स्टुडिओतले दिवे, मेकअपवाली बाई, कँटीनमधला बेचव चहा. सिनेमा मात्र कुणीच पाहिलेला नव्हता. त्याच्या कॉपीज आता उरलेल्या नाहीत, असं ते सांगायचे.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या थोडं आधी नवरा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे धावत आला. "बाबांची सिनेमा सापडला," तो म्हणाला. जुने, स्वस्तातले ब्रिटिश सिनेमे डीव्हीडीवर काढणारी एक कंपनी होती. एका डिस्कवर दोन. त्यातला एक हा. शेजारी एक निवृत्त इंग्रज शिक्षक राहायचे. ते चर्चच्या हॉलमध्ये जुन्या सिनेमांचा क्लब चालवत. नवऱ्यानं त्यांना सांगितलं आणि दोघांनी मिळून ठरवलं की वाढदिवसाच्या रविवारी दुपारी तिथेच सिनेमा लावायचा. मंडळातले लोक आणि क्लबचे लोक, दोघांनाही बोलवायचं.

बाबांच्या कानावर घातलं तेव्हा त्यांनी साफ नाही म्हटलं. त्यात बघण्यासारखं काही नाही, असं म्हणाले. मग डोळे दुखतात म्हणाले. मग म्हणाले, वाढदिवस साजरा करणं हे इंग्रजी खूळ आहे. नवऱ्याला तो विनय वाटला. मी त्या माणसाबरोबर दोन वर्षं राहिले होते आणि विनय नावाची गोष्ट मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती. भूमिका लहान असणार, हे मला कळलं. किती लहान, ते मला बघायचं होतं.

हॉलमध्ये एका टेबलावर सॉसेज रोल आणि शेजारी चिवडा, असा थाट होता. बाबा सूट घालून पहिल्या रांगेत बसले. शिक्षकांनी उभं राहून चार शब्द सांगितले: युद्धानंतरचे दिवस, पैसा नाही, फिल्म नाही, तरी लोकांना हसायला हवं होतं, म्हणून असे तासाभराचे सिनेमे काही दिवसांत उरकायचे आणि मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवायचे. ते फार प्रेमानं बोलत होते. मग दिवे गेले.

तो सिनेमा मला अजिबात आवडला नाही. चार बावळट चोर समुद्रकाठच्या एका हॉटेलात उतरलेल्या महाराजाचा माणिक चोरायला जातात, एवढीच गोष्ट. हॉटेलचा एकच जिना वेगवेगळ्या बाजूंनी दाखवून तीन जिने केले होते. दार आपटलं की भिंत हलायची. चोरांपैकी एक जण सारखा पडायचा आणि त्याच्या प्रत्येक पडण्याला हॉलमधले इंग्रज म्हातारे मनापासून हसायचे. मग बँड वाजला आणि महाराज आले. तो एक जाडा इंग्रज नट होता. तोंडाला बुटाच्या पॉलिशसारखं काहीतरी फासलेलं आणि डोक्यावर पीस खोचलेला फेटा. बोलायचा तो असं, की जणू गरम बटाटा तोंडात धरलाय.

त्याच्या मागून, भली मोठी ट्रंक पाठीवर घेऊन, वाकलेला एक सडपातळ मुलगा चालत होता. ते माझे सासरे होते. नाक तेच, कान तेच. माझ्या नवऱ्याचेही तसेच आहेत.

मंडळातल्या कुणीतरी हळूच विचारलं, "महाराज कोणते?" सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. बाबा ताठ बसून होते.

मी मागे चहाच्या बंबापाशी उभी होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. पुढे सिनेमात चोर त्या खोलीत घुसतात, नोकर आडवा येतो, तर ते त्यालाच ट्रंकेत कोंबतात. पाय बाहेर राहतात. एक जण झाकणावर बसतो, पाय पुन्हा बाहेर. हॉल हसून लोळत होता. आणि ट्रंकेतून नोकर ओरडायला लागला. इंग्रजांच्या कानाला ती नुसती कलकल होती, तेवढ्यासाठीच ती तिथे ठेवली होती. मला मात्र शब्द न् शब्द ऐकू आला.

"अबे भैताडहो, सोडा ना बे मले! कायले कोंबून राह्यले? माह्या बापानं जिंदगीभर म्हशी राखल्या, त्यानं म्हशीले बी असं नाही कोंबलं!"

माझ्या हातातला कप मी टेबलावर ठेवला. असं बोलणं नाटकासाठी शिकता येत नाही. शिकलेला माणूस 'माझ्या'चं 'माह्या' करताना अडखळतो, 'बे' कुठे टाकायचा ते चुकतो. हा मुलगा चुकला नव्हता. त्याला राग आला होता, आणि रागात त्याच्या तोंडून आमच्याकडचं, अमरावतीच्या बाजूचं बोलणं बाहेर पडलं होतं.

दिवे लागल्यावर टाळ्या झाल्या. शिक्षकांनी बाबांना उभं केलं आणि विचारलं की ते ट्रंकेत काय म्हणत होते, ती खरी भाषा होती का. बाबा इंग्रजीत म्हणाले की डायरेक्टरनं नुसता गोंगाट करायला सांगितलं होतं, मी केला. पुन्हा हशा. मंडळातल्या एक पुण्याच्या बाई पुढे जाऊन म्हणाल्या, "किती छान गावरान बोललात हो. खूप प्रॅक्टिस केली असेल." बाबा म्हणाले, "हो, थोडी करावी लागली." हे बोलताना त्यांनी हॉलभर नजर फिरवली. ती माझ्यापाशी येऊन थांबली आणि लगेच दुसरीकडे गेली. मला ते ओझरतंच दिसलं, पण तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. नवरा बाहेर पडल्यावर मी चहा केला, बाबांसमोर ठेवला आणि त्यांच्या खुर्चीसमोर बसले. याआधी मी तशी कधी बसले नव्हते.

"चहा घ्या जी," मी म्हटलं. "साखर कमी टाकून राह्यली मी."

त्यांनी कप थोडा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "तुला वाटतंय तू मला पकडलंस."

मी विचारलं, गाव कोणतं. सांगणार नाहीत असं वाटलं होतं, पण सांगितलं. अचलपूरच्या पुढचं एक खेडं. माझ्या मावशीचं सासर तिथून फार लांब नाही. मग ते बोलत गेले, माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेरच्या शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे बघत. शाळेत हुशार म्हणून मास्तरांनी पुण्याला कॉलेजात धाडलं. हॉस्टेलवर पहिल्या दिवशी पाणी मागितलं तर खोलीतली मुलं हसली, कारण ते 'पानी' म्हणाले होते. तीन महिने ती मुलं त्यांना 'पानी' म्हणूनच हाक मारत होती. वर्षभरात त्यांनी भाषा बदलली. सुट्टीत गावी गेले तेव्हा वडील म्हणाले, तू बामनासारखा बोलायला लागला. मग सुट्टीत जाणंही कमी केलं. शिष्यवृत्तीवर इंग्लंडला आल्यावर नारायण पेठ सांगणं सोपं होतं, विचारायला कुणी नव्हतं. सासूबाईंशी इथेच ओळख झाली आणि लग्न झालं. त्या खऱ्या पुण्याच्या होत्या.

"त्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"नाही."

"कधीच सांगितलं नाही?"

"काय सांगायचं होतं?" ते म्हणाले. मग आवाज चढवून म्हणाले, "आणि तू मला शिकवू नकोस. मला कुणी सुधारलं नाही. हसले नुसते. मी तुला सुधारत होतो. या देशात आपल्याच माणसांसमोर तुला खाली बघावं लागू नये म्हणून."

माझा तोल तिथे गेला. मी ओरडले नाही, पण थांबलेही नाही.

"तुम्ही सुधारत नव्हता, बाबा. तुम्ही त्या हॉस्टेलातल्या मुलांसारखेच हसत होता. फरक एवढाच की ती भाषा त्यांची नव्हती, तुमची होती."

त्यांनी कप उचलला. चहा न पिताच सिंकमध्ये ओतला आणि म्हणाले, हे माझ्या मुलाला सांगायचं नाही. मी म्हटलं, मी कुणाला वचन देत नाही. ते वर आपल्या खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत खाली आले नाहीत.

मी नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. लपवण्यात मला काही चांगुलपणा दिसत नव्हता. ते त्याचंही गाव होतं. आधी त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यानं डीव्हीडी लावली, ट्रंकेचा प्रसंग काढला आणि मला एकेक शब्दाचा अर्थ विचारला. म्हशी म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. राखल्या म्हणजे काय, ते सांगावं लागलं. "म्हणजे आजोबा वकील नव्हते," तो म्हणाला आणि टीव्ही बंद केला.

त्यानं वडिलांना विचारलं. ते म्हणाले, तुझी बायको भांडण लावतेय. त्यानं पुन्हा विचारलं, ते खोलीतून उठून गेले. त्यानंतर मी माझ्या पद्धतीनं बोलू लागले, मोठ्यानं, फोनवर, स्वयंपाकघरात, पाहुण्यांसमोर. सांबार म्हटलं, करून राहिले म्हटलं. बाबांनी एकदाही टोकलं नाही. माझ्या हातचं जेवत, ताट धुऊन ठेवत आणि निघून जात. माझ्याशी बोलायचं झालं तर इंग्रजीत बोलत, ऑफिसातल्या अनोळखी माणसाशी बोलावं तसं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघं नागपूरला माझ्या माहेरी गेलो आणि तिथून गाडी करून त्या गावी. गाव संत्र्याच्या बागांमध्ये होतं. आडनाव सांगितलं तर एका माणसानं लगेच घर दाखवलं. बाबांना भावंडं नाहीत, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. अंगणात खाटेवर त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. नाक तेच, कान तेच. नवरा त्यांच्याकडे बघत राहिला. मीच ओळख करून दिली.

काकांनी आधी सगळं ऐकून घेतलं. त्यांची सून चहा घेऊन आली. मग ते माझ्याकडे बघून बोलू लागले, कारण नवऱ्याला कळत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. वडील वारले तेव्हा लंडनला तार केली होती, म्हणाले. आई गेली तेव्हाही केली. उत्तर नाही. मग गावात कुणी विचारलं तर काय सांगायचं?

"आमी समजलो का तो बी गेला," ते म्हणाले. "त्याले सांगा, आमी त्याची तेरवी कवाचीच उरकली."

नवऱ्यानं मला विचारलं, काय म्हणाले. तेराव्याला काय करतात ते त्याला माहीत होतं, सासूबाईंच्या वेळी त्यानं केलं होतं. मी इंग्रजीत सांगितलं. सांगताना मला माझाच आवाज परका वाटला. तो खाली मान घालून बसला. आमच्याकडे दारी आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. काकांनी आमची चहावर बोळवण केली. निघताना नवरा पाया पडायला वाकला तेव्हा त्यांनी पाय आखडले नाहीत, पण हातही वर केला नाही. गाडीत बसेपर्यंत ते खाटेवरून उठले नाहीत.

परत आल्यावर नवऱ्यानं बाबांना सगळं सांगितलं. मी दारात उभी होते. त्यांनी भावाची तब्येत विचारली नाही. आई कधी गेली, तेही विचारलं नाही. ते त्यांना तारेवरून माहीत असणारच. "कोणाला विचारून गेलात?" एवढंच म्हणाले. तेव्हा माझा नवरा आयुष्यात पहिल्यांदा वडिलांवर ओरडला, इंग्रजीत, आणि तो ओरडत असताना मला जाणवलं की बाबांसारखंच त्याचंही रागातलं बोलणं वेगळं आहे. त्याला रागावायला मराठी पुरतच नाही.

तो थांबल्यावर बाबा मला म्हणाले, "हे तुझं काम."

"नाही," मी म्हटलं. "हे तुमचं आहे."

त्या वसंतात मला बेसिंगस्टोकला एका बिझनेस पार्कमध्ये नोकरी लागली आणि आम्ही तिकडे घर घेतलं. पिनरहून रोज जाणं अगदीच अशक्य नव्हतं, पण तसं कुणी सुचवलं नाही. सामान न्यायच्या दिवशी बाबा मंडळात गेले होते. तिथे अजून ते नारायण पेठेचेच होते. सिनेमाचा विषय कुणी काढत नव्हतं, इतकाच बदल. नवरा महिन्यातून एकदा त्यांना भेटून यायचा. परत आला की थोडा वेळ बागेत जाऊन उभा राहायचा. मी गेले नाही. लोक म्हणायचे, म्हातारा माणूस आहे, सोडून दे. त्यांनी माझ्याशी चांगलं वागावं, अशी माझी अपेक्षाही नव्हती. मला फक्त ते टेबल आठवायचं, जिथे मी दोन वर्षं तोंड उघडायला घाबरले, आणि समोर बसलेला माणूस मनातल्या मनात माझ्याच भाषेत ऐकत होता.

एका रविवारी सकाळी फोन आला तेव्हा नवरा पोहायला गेला होता. मी उचलला. पलीकडे कुणी बोलेना, पण फोन ठेवलाही नाही. नंबर पिनरचा होता.

"तो घरी नाही," मी म्हटलं.

मग बाबा मराठीत म्हणाले, "बॉयलर बंद पडलाय. त्याला सांग."

"सांगते," मी म्हटलं.

त्या वर्षात आम्ही एकमेकांशी यापेक्षा जास्त काही बोललो नाही.